नकाशातला तलाव

एकोणसाठ साल. मी अंगणात खाटेवर वड्या घालत होते आणि देवराव पहिल्यांदा आमच्या पायरीशी आले. हातात जुना छापील नकाशा, चेहऱ्यावर कुणीतरी फसवल्याचा भाव.

"इथं तलाव असाले पाहिजे," ते म्हणाले.

"नकाशात हाये का?"

"हाये ना."

"मंग मारा उडी."

ते हसले... आणि माझी वडी फडक्याबाहेर पडली.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. गावं उठत होती, तलाव बुजत होते, त्यांवर आम्हा कामगारांची क्वार्टरं बसत होती. देवराव नागपूरला याच भागाच्या भूगोलावर पीएच.डी. करत होते. रीत अशी, की ग्रंथालयात बसून जुन्या नकाशांवरून प्रबंध लिहायचा. गाईड म्हणतील ती पूर्वदिशा. हे मात्र सुटीत चोरून इथं पायी हिंडायचे, आणि हिंडून हिंडून आमच्याच पायरीशी यायचे.

"हा पोरगा तलाव पाहून राहिला का तुले?" बाबांनी एकदा विचारलं. मी चहात दोनदा साखर घातली.

मग देवरावांनी ठरवलं, विभागाच्या बैठकीत बोलायचं. विद्यार्थी सहा महिने त्या जागी राहिल्याशिवाय भूगोलाची पदवी देऊच नये. गाईड चिडले तर यांचीच पदवी जाणार होती.

"पुस्तकातलंच लिहा अन् डॉक्टर व्हा," मी म्हणाले.

"अन् तलावात तुयं घर हाये, ते खोडू?"

फार आवडत होते ते मला, आणि माझ्यापायी त्यांचं नुकसान नको होतं.

थंडी सरता सरता ते आले. हातात नकाशा नव्हता.

"हारलो, शेवंता. प्रबंध सोडला. इथल्या शाळेत मास्तरकी भेटली... पण तुया बाबाले सांगाले डॉक्टर नाई उरलो मी."

"बाबा डॉक्टरले कुठं ओयखते? ते तलाववाल्याले ओयखते." मी पदर सारखा केला. "मले बी तोच पाहिजे."

बुद्धवंदना होऊन आमचं लग्न लागलं. पुढं विभागप्रमुख बदलले, रीत बदलली, यांनी तोच प्रबंध पायी हिंडून पुरा केला. आता यांच्या हाताखाली प्रबंध करणारे विद्यार्थी आधी इथं येऊन राहतात. पहिल्याच दिवशी हे त्यांना बाबांच्या त्या जुन्या क्वार्टरापुढं नेतात, मलाही नेतात. तिथं आता दुसरंच कुणी राहतं.

"इथं काय होतं, काकू?" पोरं विचारतात.

"तलाव," मी सांगते. "यायनं उडी मारली... अजून वर आले नाई."