मुंगवड्यांची वरची मूठ

मोर्शीच्या बसस्टँडवर तो एसटीतून उतरला तो थेट माझ्या पोत्यावर पाय देऊन. आत आईने वाळवलेल्या मुंगवड्या... करकर आवाज झाला.

"डोये कुठी ठेवून आले?" मी कडाडले.

"चुकलं... मैनाबाईचं घर कुठी हाय?"

मैनाबाई म्हणजे माझी आई, आमच्या बचतगटाची अध्यक्ष. आणि हा श्रावण, अकोल्याचा, विद्यापीठातून आमचा धंदा वाढवायला आलेला. सुरुवात तर झकासच केली होती!

मग तो दर शनिवारी येऊ लागला. पाकिटं, लेबल, सील मारायचं मशीन, सगळं त्याने शिकवलं. अमरावतीच्या एका दुकानाने पहिली ऑर्डर दिली आणि पाकिटांची तोंडं सुटली म्हणून सगळा माल परत पाठवला. पुन्हा असं झालं तर ऑर्डर बंद. आईचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच आलं.

श्रावणने एक पाकीट काट्यावर ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दामिनी, पाव किलोच्या वर कावून भरलं?"

"माप झाल्यावर वरून मूठभर टाकाच लागते. नाही त गिऱ्हाईक काय म्हणन?"

"मंग पाकिटाचं तोंड कसं मिटन?"

"नाही मिटलं त नाही! कोरडं माप मी देत नाही."

वाटलं, आता चिडेल. तो हसला... असं, की भांडायचं विसरून जावं.

पुढच्या खेपेला त्याने इवल्याशा पिशव्या आणल्या. "हे तुयी मूठ. येगळी भरू, पाकिटाले चिकटवू." अंगणात शेजारी बसून आम्ही पाकिटं भरली. बोटाला बोट लागलं, की दोघंही उगाच मुंगवड्या निवडायचो.

माल टिकला. दुकानाने आणखी मागवला. आई गूळ वाटत सुटली, आणि मी माझ्या वाटणीचा गूळ तसाच हातात धरून श्रावणकडे गेले.

"आता... तुमचं काम झालं. पुढच्या शनिवारी येनार नाही न?"

"विद्यापीठाचं काम त दिवाळीतच झालं. अहवालबी देऊन टाकला."

"मंग इतके दिवस?"

तो चपलेकडे बघत राहिला. "सोताचं तिकीट काढून येऊन राहिलो... तुले पाहाले."

अख्ख्या गटात मी तोंडाळ, आणि मी नुसता हातातला गूळ त्याच्यापुढे धरला!

आतून आई ओरडली, "दामिनी, त्याले जेवाले थांबव वं!"

"थांबतं का तू?" पहिल्यांदाच मी त्याला तू म्हटलं.

"कुठवर?"

"मी जा म्हणत नाही तोवर."

तो ओट्यावर ऐसपैस बसला. मी काही जा म्हणणार नव्हते.