शेजारचा ठिपका

सहा वर्षं ती तेच काम करत होती आणि आता पार कंटाळली होती. आपल्या सूर्यासारख्या, पण वयानं कोवळ्या ताऱ्यांचे फोटो घ्यायचे, ताऱ्याचा झगमगाट संगणकावर पुसून काढायचा आणि उरलेल्या काळोखात एखादा मंद सोबती दिसतो का ते शोधायचं. ग्रहाहून मोठं, ताऱ्याहून लहान असं काहीतरी. आजवर हाती लागले ते त्याच दिशेला खूप मागे, दूरवर असलेले भलतेच तारे. आई फोनवर विचारायची, "सापडला का गं कुणी?" तिला नेमका कोणता सोबती म्हणायचाय, हे विचारण्याचंही त्राण हिच्यात उरलं नव्हतं.

मग एका दुपारी सापडला. ताऱ्याच्या डावीकडे, जरा खाली, अगदी फिकट. ती खुर्चीत ताठ झाली. दुसऱ्या ताऱ्याचा फोटो उघडला.

तिथंही, त्याच जागी.

"कॅमेऱ्यावर डाग असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. कॅमेरा बदलला. नव्या फोटोंतही ठिपका होताच, फक्त ताऱ्याच्या थोडा जवळ सरकलेला. तिनं सहकाऱ्याला आपल्या खुर्चीत बसवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"इथं काही नाहीये," तो हळूच म्हणाला. "तू रजा घे बघू."

डोळ्यांच्या डॉक्टरांनाही काही दोष सापडला नाही. तेव्हा ती सरांकडे गेली. हे काम तिच्याआधी तेच करायचे. एक दिवस काही न सांगता सोडून घरी बसले होते.

दार काकूंनी उघडलं. सर सोफ्याच्या एका कडेला अंग चोरून बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकणार, तोच काकू म्हणाल्या, "तिथं नको गं. खुर्ची घे."

तिनं सगळं सांगितलं. सरांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"केवढं अंतर आहे?"

तिनं दोन बोटांत दाखवलं.

"लांब आहे अजून."

"पण आहे काय ते, सर?"

"मीही खूप शोधलं." ते दमल्यासारखे हसले. "आपण बघायचं थांबलो की तेही थांबेल, असं वाटलं होतं मला."

चहा तसाच निवला. ती निघाली, तसे सर दारापर्यंत सोडायला उठले.

ते बसले होते तिथली दबलेली गादी हळूहळू फुगून वर आली.

शेजारचीही.