धुतलेली हवा

'निर्धास्त'मध्ये शिरायचं तर आधी काचेच्या खोलीत उभं राहावं लागे. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नसे. वरून वारा सुटे, अंगावरचे कपडे फडफडत, आणि छतातला आवाज गोड शब्दांत सांगे, "आपली काळजी बाहेर ठेवून या." काळजी म्हणजे काय चपला आहेत बाहेर काढून ठेवायला, असं हर्षदा मगदूमच्या मनात आलं.

ती गडहिंग्लजहून सकाळीच निघाली होती. सातवीला गणित शिकवणारी बाई, हिशेबाला पक्की; पण लेकीचा हिशेब काही केल्या लागत नव्हता. ओवी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इथं आली ती जूनमध्ये, आणि दिवाळीलाही घरी फिरकली नाही. "इथंच बरं वाटतं गं आई," एवढंच फोनवर म्हणाली. एकुलती एक पोर दिवाळीला घर नको म्हणते म्हणजे काय? हर्षदानं चिवड्याचा डबा भरला आणि एसटी धरली.

वसतिगृहाचं नाव निर्धास्त ठेवलं होतं ते उगीच नव्हे. पहिल्या वर्षाच्या मुलांना अभ्यासापेक्षा एकमेकांचं घाबरणं सोसत नाही, असं तिथल्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या घामात काही द्रव्यं उतरतात. नाकाला त्यांचा वास कळत नाही, पण मेंदूला बरोबर कळतो, आणि शेजारच्याची छाती कारण नसताना धडधडू लागते. या न कळणाऱ्या वासाला त्यांनी नाव दिलं भयगंध. परीक्षेच्या तोंडावर एक पोर रडायला लागली की अख्खा मजला आजारी पडायचा, तो त्यामुळे. निर्धास्तच्या भिंतींत बसवलेले गंधशोषक हवेतून नेमका हा भयगंध टिपून घेत. खाणावळीतल्या फोडणीचा वास राही, न धुतलेल्या मोज्यांचाही राही, भीतीचा तेवढा जाई. अशा धुतलेल्या हवेत शेकडो मुली राहत, जेवत आणि शिकत होत्या.

भेटीच्या दालनात ओवी धावतच आली. जराशी वाळली होती, पण चेहरा हसरा होता. बरोबर तिच्या खोलीतली मुक्ता होती, पिवळ्या ओढणीतली, तोंडाची भलतीच फटकळ.

"काकू, तुमची लेक चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणार आणि आम्हाला नुसते पोहे ठेवणार, लिहून घ्या माझ्याकडून."

आजूबाजूच्या मुली खिदळल्या. हर्षदाही हसली.

"अभ्यास झेपतोय काय गं?"

"झेपतोय की."

"आणि झोप?"

"मस्त लागते."

हर्षदानं लेकीला नीट न्याहाळलं. काळजी करावी असं काही हाती लागेना. सकाळपासूनची धास्ती हळूहळू विरली. उगीच धावत आले झालं, असं वाटून तिला स्वतःचीच गंमत वाटली.

निघताना ओवी एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. मुली सहसा दाराबाहेर पडत नसत. वर्गसुद्धा आतल्या बंद बोळांनीच जोडलेले होते. बाहेर माळावर ऊन होतं आणि वारा पडलेला होता. ओवीनं आईला मिठी मारली, आणि हर्षदाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंड कोरडं पडलं, हातपाय गार झाले. ओवी लहान असताना तापात तिला झटका आला होता, तेव्हा झालं होतं अगदी तसं.

"काय झालंय ओवी?"

"कुठं काय?" ओवी हसतच होती.

"माझ्याकडं बघून सांग."

ते हसू थोडा वेळ तसंच ओठांवर राहिलं, मग गळून पडलं. "आई, मला काही येत नाही गं. लॅबमध्ये हात थरथरतात. झोपायला गेलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. बाकीच्या सगळ्या किती मजेत आहेत, बघितल्यास ना? मी एकटीच अशी आहे." तिनं नाक पुसलं. "म्हणूनच दिवाळीला आले नाही. तुला कळलं असतं."

हर्षदानं तिला पोटभर रडू दिलं. मग तिचा हात धरून ती परत फिरली. काचेच्या खोलीतून आत पाऊल टाकलं, आणि तिची स्वतःची धडधड बसू लागली. हातात हात असलेली पोर पुन्हा अगदी बरी वाटायला लागली. हर्षदाला धास्ती वाटली ती त्याचीच.

गंधशोषक ज्यांनी घडवले त्या डॉ. यामिनी इनामदार आतच राहत. बाई मनानं चांगली. घाबरून कॉलेज सोडून गेलेल्या मुली पाहून त्यांचा जीव तुटला होता, आणि त्यातूनच हे सगळं उभं राहिलं होतं. ओवीला दाराशी बसवून हर्षदा त्यांच्या खोलीत गेली.

"मॅडम, माझी पोर आतून थिजलीय, आणि इथं कुणाला पत्ता नाही."

"असेल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "भीती आम्ही काढून घेत नाही, मगदूमबाई. ती ज्याची त्याच्यापाशी राहते. दुसऱ्याला लागत नाही, इतकंच. सर्दी झालेल्यानं तोंडाला रुमाल बांधावा, तसं आहे हे."

"मग शेजारणीला कळायचं कसं?"

"सांगितलं की कळतं. आमच्या समुपदेशकांचं दार दिवसभर उघडं असतं."

"जातं का कुणी?"

"या वर्षी एकही मुलगी गेली नाही." डॉक्टरांच्या आवाजात अभिमान होता. "पूर्वी रांग लागायची."

"माझ्या वर्गात एखाद्याला गणित अडलं की तो आधी शेजाऱ्याकडं बघतो," हर्षदा म्हणाली. "शेजारीही अडलेला दिसला की हात वर करतो. पण सगळे भराभर लिहिताना दिसले, तर वहीवर हात झाकून गप बसतो. तास संपेपर्यंत."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या आलेखाकडे नजर टाकली. तिथं सगळं हिरवंगार होतं. "न्यायचं तर न्या तिला," त्या म्हणाल्या. "सत्र बुडेल, वर्षही जाईल. आणि इथं काही महिने काढले की बाहेर जड जातं. सगळ्यांचं सगळं एकदम लागतं. बऱ्याच मुली आता सुट्टीतही घरी जात नाहीत."

"आणि पुढच्या वर्षी? तेव्हा बाहेरच राहायचंय ना?"

"दुसऱ्या वर्षासाठी इमारत बांधतोय आम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "वरून मागणी आहे. काही कंपन्यांनीही विचारलंय."

हर्षदा उठली.

"वर्ष जाईल ना आई," ओवी दाराशी कुजबुजली.

"जाऊ दे."

"सगळ्या काय म्हणतील?"

"म्हणू देत. पिशवी भर."

एसटीला चालक नव्हता, वाहकही नव्हता. गाडी वेळेवर सुटायची, ही तेवढी नव्या जमान्याची मेहेरबानी. दोघी उघड्या खिडकीशी बसल्या. तेवढ्यात निर्धास्तचं दार उघडलं आणि मजल्यावरच्या मुली गलका करत निरोप द्यायला बाहेर आल्या. मुक्ता सगळ्यांत पुढे होती, ओढणी हलवत. "शेंगदाणे घेऊन लवकर ये गं," ती ओरडली.

वारा आता तिकडून इकडे वाहू लागला होता.

ओवीनं आईचं मनगट घट्ट धरलं. तिची बोटं बर्फासारखी झाली होती. "आई, मला कसंतरी होतंय."

हर्षदालाही ते कळलं. मघाशी एकटीचं होतं, त्याच्या कितीतरी पट.

"तुझं नाही ते बाळा," ती म्हणाली.

"मग कुणाचं?"

हर्षदानं बाहेर पाहिलं. थांब्याजवळ मुली हसत उभ्या होत्या, पण बोलता बोलता एकमेकींपासून पाऊल पाऊल लांब सरकत होत्या. एकीनं छातीवर हात ठेवला आणि दुसरी बघतेय म्हटल्यावर पटकन काढला. मुक्ताची ओढणी हवेतच थांबली होती. "बाहेर नको गं, चला आत," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या घाईनं, जवळजवळ पळतच, दाराकडे वळल्या.

गाडी हलली. हर्षदानं उठून दाराजवळचं मदतीचं लाल बटण दाबलं, दाबून धरलं.

"गाडीत कुणाला त्रास होत आहे का?" छतातला आवाज मायेनं विचारता झाला.

निर्धास्तच्या काचेच्या खोलीत मुक्ता पुन्हा हसत होती, आणि तिच्या भोवतीच्या सगळ्याच हसत होत्या.

"गाडीत नाही," हर्षदा म्हणाली.

"धन्यवाद," आवाज म्हणाला, आणि गाडीनं वेग घेतला.