सोमवारचा भाव शुक्रवारी

अकराव्या दुकानातही तोच आकडा ऐकल्यावर मुजिनने वही मिटली आणि जिन्यातच बसकण मारली.

"दोन लाख अडतीस हजार पाचशे वॉन," तो म्हणाला. "अकरापैकी अकरा दुकानं. एक वॉन इकडे नाही की तिकडे नाही."

हिवाळ्याची सुट्टी लागून आठवडा झाला होता. शाळेच्या फिल्म क्लबचा म्हातारा कॉम्प्युटर मेमरीच्या एका पट्टीवाचून अडून बसला होता, म्हणून मुजिन, त्याच्या वर्गातली हेसोल आणि हेसोलची नऊ वर्षांची बहीण ब्योल असे तिघे सोलच्या योंगसान भागातल्या हानबित या इलेक्ट्रॉनिक्स आर्केडचे तिन्ही मजले पालथे घालत होते. घासाघीस करायला तिघंही घरून तयारी करून आले होते. ब्योलने तर रडका चेहरासुद्धा आरशात बघून बसवला होता.

पण घासाघीस करायची कुणाशी? या बाजारात किमतीची चिठ्ठी लावायची पद्धतच नाही. तुम्ही काउंटरशी गेलात की दुकानदार आधी विचारतो, "कितीपर्यंत चौकशी करून आलात?" मग तुम्ही एक थाप मारायची, त्याने कळवळायचं, तुम्ही निघून जायचं नाटक करायचं, त्याने हाक मारायची. सोलमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आज मात्र एकानेही तो प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी आकडा सांगितला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"काहीतरी शिजतंय," हेसोल म्हणाली.

काय शिजतंय ते दुसऱ्या मजल्यावर कळलं. तिथे हेसोलच्या ओक्सुन मावशीचा दुरुस्तीचा गाळा होता. गाळा एवढा चिंचोळा की गिऱ्हाईक आत आलं की मावशीला खुर्ची भिंतीला टेकवावी लागे. मावशीकडे शरद ऋतूत घेतलेल्या काही पट्ट्या होत्या आणि ती त्या दोन लाख पाच हजारांना विकत होती. आज तिच्यासमोर आर्केडच्या व्यापारी संघाचं पत्र पडलं होतं. संघाने सुचवलेल्या भावाने विका, नाहीतर पुढच्या शुक्रवारपर्यंत गाळा रिकामा करा. ठोक व्यापाऱ्याने तिचा माल तर आधीच बंद केला होता.

सतरा वर्षं मावशी त्या गाळ्यात बसत होती. नवरा गेल्यावर तिने तिथेच हातात सोल्डरिंगची बंदूक घेतली, तिथेच हात भाजून घेतले आणि तिथेच नाव कमावलं. हेसोलला रडू यायला लागलं, पण मावशी रडत नव्हती म्हणून तिनेही आवरलं.

मावशीने मुलांना नीट समजावलं. मेमरी महागली आहे हे खोटं नव्हतं. कारखाने आपला माल त्या अवाढव्य डेटा सेंटरना देत सुटले होते आणि जगभर भाव चढत होते. "पण भाव चढणं वेगळं आणि सगळ्यांनी गुपचूप बसून भाव ठरवणं वेगळं," ती म्हणाली. "दुसऱ्याला कायद्यात गुन्हा म्हणतात. फक्त तो दाखवायला कागद लागतो, आणि कागद मला कोण देणार?"

हेसोलला राग आला की ती थेट माणसासमोर जाऊन उभी राहते. ती दोघांना घेऊन तडक तळमजल्यावर गेली, संघाचे अध्यक्ष ग्वाकशेठ यांच्या दुकानात. सगळ्यांचा भाव सारखाच कसा, असं तिने तोंडावर विचारलं. ग्वाकशेठ हसले, तिघांच्या हातावर जिनसेंग मुळीची एकेक गोळी ठेवली आणि म्हणाले की जगाचा बाजार पोरांना कळत नसतो, सुट्टी आहे तर बर्फावर घसरायला जावं. ब्योलने गोळी तोंडात टाकली. कडू लागली तेव्हा तिने ती काढून त्यांच्याच काउंटरवर ठेवली.

दोन दिवस मुलांच्या हाती काही लागलं नाही. गुरुवारी दुपारी तिघं तळघरात मुजिनच्या आजोबांच्या नूडल्सच्या दुकानात तोंड पाडून बसले होते. अख्खं आर्केड दुपारी तिथूनच काळ्या सॉसच्या नूडल्स मागवतं. दुकानांत जेवायला टेबल नसतं, म्हणून काचेच्या काउंटरवर कागद पसरायचा, त्यावर वाडगे मांडायचे, आणि खाऊन झालं की उष्टे वाडगे त्याच कागदात गुंडाळून दाराबाहेर ठेवून द्यायचे. पूर्वी तो कागद म्हणजे वर्तमानपत्र असे. आता वर्तमानपत्र कोण घेतं? हाताला येईल तो कागद पसरतात.

आजोबा नुकतेच वाडगे गोळा करून आले होते. ब्योल चित्रं काढायला कोरी पाठ शोधत एकेक गुंडाळी सोडवत होती. एका कागदापाशी ती थांबली.

"ताई, यावर मावशीच्या पट्ट्यांची नावं आहेत."

काळ्या सॉसच्या डागांमधून हेसोलने वाचलं. तो झेरॉक्स होता. वर लिहिलं होतं, येत्या सोमवारी सकाळी अकरापासून. खाली मेमरीच्या नऊ प्रकारांचे भाव. क्लबला हवी होती तिच्यापुढे दोन लाख चौपन्न हजार सातशे. मग एक ओळ: याखाली कुणीही विकायचं नाही, विकेल त्याचा माल बंद. आणि त्याखाली अकरा दुकानांचे शिक्के. पहिलाच शिक्का ग्वाकशेठचा.

"वाडगे कुणाचे, आजोबा?" मुजिनने विचारलं.

"ग्वाकचे. मिरची जास्त घातलेले दोन."

मुजिनला तो कागद घेऊन वरच्या मजल्यापर्यंत ओरडत जायचं होतं. हेसोलने त्याची कॉलर धरली. ग्वाकशेठ म्हणतील की सोमवारी भाव बदलल्यावर पोरांनी घरी बसून कागद छापला, शिक्के काय कॉम्प्युटरवर कुणीही चिकटवतं. हा कागद सोमवारच्या आधी होता, हे कुणीतरी मोठ्या, सरकारी माणसाने सांगायला हवं होतं.

मग तिला पोस्ट आठवलं. आपल्याकडे भांडण लागलं की लोक मजकुराच्या दाखल्याचं पत्र पाठवतात. तीन प्रती द्यायच्या, तिन्हींवर तारखेचा शिक्का बसतो. एक पत्त्यावर जाते, एक पाठवणाऱ्याला मिळते आणि एक पोस्ट स्वतःकडे जपून ठेवतं. संघानेही मावशीला तसंच पत्र पाठवलं होतं.

"त्यांचीच तऱ्हा त्यांच्यावर," मुजिन खूश होऊन म्हणाला.

शुक्रवारी हेसोलने सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. आदरणीय मावशी, सोमवारी सकाळी अकरा वाजता हानबित आर्केडमधल्या पुढील अकरा दुकानांत मेमरीचे भाव असे होतील. खाली नऊच्या नऊ आकडे. पोस्टातल्या बाईंनी प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, मग चष्म्यावरून मुलांकडे पाहिलं. पाठवणारी भाची आणि घेणारी मावशी, दोघी एकाच गल्लीत राहतात, मग टपाल कशाला, असं त्यांनी विचारलं. हेसोलने सांगितलं की तारखेसाठी. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी तीन वेळा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सोमवारी आकडे बरोबर निघाले तर मला कळवा बरं."

सोमवारी तिघं तीन मजल्यांवर पसरले. अकराला पाच कमी असताना प्रत्येक काउंटरवर दोन लाख अडतीस हजार पाचशेच होते. अकरा वाजले. दोन लाख चौपन्न हजार सातशे. तळमजल्यावर, पहिल्यावर, दुसऱ्यावर. इतर आठ आकडेही पत्रातल्यासारखेच. दुपारी मावशी गाळा बंद करून, पोरांना घेऊन कुठेतरी जाऊन आली.

मंगळवारी सकाळी संघाची सभा भरली. ग्वाकशेठनी मावशीसमोर संघाच्या भावाने विकण्याचं हमीपत्र सरकवलं आणि सही करायला सांगितलं. मावशीने हात मांडीवरच ठेवले.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आणि गाळाही सोडणार नाही."

ग्वाकशेठ बोलायला लागणार तोच हेसोल आत येऊन उभी राहिली. मुलांना सभेत यायची परवानगी नव्हती, पण दार ब्योलने उघडंच अडवून धरलं होतं आणि तिला उचलून बाजूला करायची कुणाची छाती झाली नाही. हेसोलने पत्र वाचलं. एकेक आकडा, सावकाश. मग शिक्क्याची तारीख.

"पोरांनी अंदाज बांधला असेल," ग्वाकशेठ म्हणाले. "बाजार चढतोय, कुणीही सांगेल."

"नऊच्या नऊ? शेवटच्या शंभर वॉनपर्यंत?" हेसोलने पत्रातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. "तुम्ही म्हणालात जगाचा बाजार आम्हाला कळत नाही. नसेल कळत. पण हा भाव जगाने नाही ठरवला. तुम्ही ठरवलात, आणि त्याच कागदावर जेवलात."

तिने डागाळलेला झेरॉक्स उंच धरला. ग्वाकशेठचे कान लाल झाले. त्यांनी हात पुढे केला आणि कागद मागितला. असली चिटोरी कोण बघतो, कुणाला दाखवणार आहात, असंही म्हणाले.

"ही नक्कल आहे," मावशी म्हणाली. "अस्सल कागद काल दुपारीच सरकारच्या व्यापार आयोगात दिला. त्यांचे दोन अधिकारी खाली नूडल्स खातायत. पोरांचं बोलून झाल्यावर वर येतो म्हणाले."

ते खरंच आले, आणि ग्वाकशेठच्या दुकानातून कागदांचे सहा खोके घेऊन गेले. त्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याने जाताना तिघांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. त्याने सांगितलं की चौकशीला महिने लागतील, पण आमच्याकडे येणारी मोठी माणसंही इतकं पक्कं काम करून येत नाहीत. मुजिनच्या आजोबांनी तर तळघरात आल्यागेल्याला ही गोष्ट तीन-तीनदा ऐकवली.

शुक्रवारी सकाळी मावशीच्या गाळ्यासमोर नो-शेठ येऊन उभे राहिले. पहिल्या मजल्यावरचे, आर्केडमधले सगळ्यात जुने दुकानदार. त्या झेरॉक्सवर चौथा शिक्का त्यांचा होता. सत्तरीच्या त्या माणसाने मावशीपुढे मान तुकवली आणि मग हेसोलपुढेही. हेसोल गोंधळून उभीच राहिली. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे वाकलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही शिक्का का मारलात?" तिने विचारलं. उद्धट वाटलं तरी तिला ते विचारायचंच होतं.

"घाबरलो, बाळ," नो-शेठ म्हणाले. "माल बंद होईल म्हणून घाबरलो. आत्ता आयोगातूनच येतोय. सगळं सांगितलं, माझ्या नावानिशी."

मावशीने त्यांच्यासाठी आपली खुर्ची सरकवली. आजच्या दिवशी तो गाळा रिकामा व्हायचा होता. त्याऐवजी आत नो-शेठ बसले, ब्योल पेटीवर चढली, मुजिन दारात अडकला, आणि बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहिली. मावशीने सोल्डरिंगची बंदूक तापत ठेवली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.