गारव्यात वाजणारा डबा

बसा. गिटार भिंतीला टेकवू नका, मांडीवरच असू द्या. आणि ते दार आहे तसं उघडं राहू द्या. धूळ येते तर येऊ द्या, धुळीनं कुणी मरत नाही.

स्वस्तातला, पण जुन्या आवाजाचा फझचा डबा कोणता घ्यावा, एवढं विचारायला तुम्ही परळीहून इथवर आलात. ते मी फोनवरही सांगितलं असतं. पण तुम्ही पुढं विचारलंत की माझ्या डब्याची जोडी कुठं मिळेल. म्हणून म्हटलं, या. हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

अठरा सालची गोष्ट. दसरा होऊन गेलेला आणि ऊन मात्र वैशाखाचं. पोळ्यानंतर पावसाचा थेंब नव्हता, गावाला टँकर सुरू झालते. मुकादमाचा ट्रॅक्टर बुधवारी ऊसतोडीला निघणार होता आणि त्याच्या यादीत मी आणि माझी बायको गीता, आमचा दोघांचा एक कोयता धरलेला होता. आदल्या साली तोडताना कोयता निसटला आणि डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. हे बघा. करंगळीवाचून वाजवायला शिकलो, पण अजून एक बोट गेलं असतं तर गिटार चुलीत घालायची वेळ होती. मी ठरवलं होतं, यंदा कोयत्याला जायचं नाही. काही झालं तरी नाही.

आमच्या बँजो पार्टीचे मालक विठ्ठलराव. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "भारत, कपिलधारच्या जत्रंत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम धरलाय. मला त्या काळातला फाटका आवाज पाहिजे. सोमवारी ऐकव. जमलं तर वर्षभर तू पार्टीत. न्हाई जमलं तर कॅसिओवाला बघितलेला हाय मी."

फाटका आवाज म्हणजे फझ. गिटारीचा साधा सूर डब्यात जातो आणि खरखरत, लांबत, चिरफाळून बाहेर येतो. गीताला हे समजावलं तर ती म्हणाली, "चांगला आवाज फाडायला इकत डबा कावून आणायचा? मी फाडून देते की फुकट." तिचं असंच. पण पिशवीत भाकरी तिनंच बांधून दिली.

रविवारी दुपारी मी पंडितमामाकडं गेलो. नेकनूरच्या अलीकडं एका वाडीत बंद पडलेली दूध संस्था होती, तिच्या पुढच्या खोलीत मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माणूस लई हुशार. पण त्यांच्या दुकानात कधी शांतता नसायची. दोन-तीन रेडिओ एका वेळी चालू, वेगवेगळ्या स्टेशनवर. गिऱ्हाईक ओरडून बोलायचं, मामा ओरडून उत्तर द्यायचे. मला वाटायचं, म्हातारा कानानं अधू असेल.

मामांनी माझ्यापुढं तीन डबे ठेवले.

पहिला चिनी, काड्यापेटीएवढा. स्वस्त, टिकाऊ, पण आवाज असा की दाताखाली वाळू आल्यासारखं वाटावं. दुसरा मामांनी स्वतः जोडलेला, सिलिकॉनचा. तो दणकट होता, पण गिटारीचा आवाज कमी केला तरी हा आपला भांडतच राहायचा, मऊ म्हणून होईना. तिसरा जुन्या पानाच्या डब्यात बसवलेला. त्यात दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, संस्थेच्या भोंग्याच्या सत्तर सालच्या अ‍ॅम्पमधून काढलेले. तो मी पायानं दाबला तर नुसता घरघरला आणि गप झाला.

"मेलाय की हा," मी म्हटलं.

"मेला न्हाई. जर्मेनियम हाय ते, गरम झालं की मुकं होतं. गारव्यात ऐक, मग बाकीचे दोन फेकून देशील."

"वाडीत गारवा कुठं राहिलाय मामा?"

मामांची नजर मागच्या बोळाकडं गेली आणि लगेच वळली. तिथं चिलिंगची खोली होती, संकलन झालेलं दूध गार ठेवायची. यंत्र पाच वर्षं बंद, पण भिंती हातभर जाड, आतून पत्रा, वर खिडकी नाही.

"तिथं जाऊ?"

"नको बे."

"उद्या विठ्ठलरावाला ऐकवायचंय मामा. बुधवारी ट्रॅक्टर हाय."

त्यांनी माझ्या करंगळीकडं बघितलं. मग उठले, बोळात आले आणि सगळा जोर लावून ते जाड दार ओढलं. दारावर रंगानं लिहिलेलं होतं: थंडी वाया घालवू नका. दार उघडे दिसल्यास कडी लावावी. संस्थेचा तो नियमच होता. येता-जाता कुणाचाही हात त्या कडीवर जायचाच, म्हणे. सवय लागलेली सगळ्या गावाला.

"मी हितंच उभा राहतो," मामा म्हणाले. "पण आत गप बसू नको. वाजवत राहा."

मी हसलो. काय सांगावं, हसलो मी.

आत आंबलेल्या दुधाचा वास होता, जुना, पत्र्यात मुरलेला. दारातून येणाऱ्या उजेडात चार-पाच रिकामे कॅन दिसत होते. मी दाराजवळच एका कॅनवर बसलो, बॅटरीवरचा लहान अ‍ॅम्प पायाशी ठेवला, तिन्ही डबे ओळीनं मांडले. गिटारीचं बूड पाठीमागच्या पत्र्याला टेकलं. गारवा होता. पाच वर्षं बंद खोलीत असावा त्याच्यापेक्षा जरा जास्तच होता, पण तेव्हा मला बरंच वाटलं.

पानाचा डबा दाबला. अहाहा! तुम्ही ऐकलाय तो आवाज, मी कशाला वर्णन करू. जाडसर, गोड, शेवटाला फाटत जाणारा. गिटारीचं बटण कमी केलं की तोच आवाज लहान लेकरासारखा मऊ. माझ्या डोळ्यात पाणी आलं, लाजत नाही सांगायला. मी मनात गीताला सांगून टाकलं, बोचकं सोड, आपण जात नाही.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. बोळातून पळणारे पाय, घागरींचा खणखणाट, बायांचा आरडाओरडा. मी डोळे मिटून वाजवत होतो. डोळे उघडले तेव्हा काळोख होता.

दार लागलेलं होतं. वाटलं, वाऱ्यानं ढकललं असेल. फोनचा उजेड लावला. रेंज शून्य. मी वाजवायचं थांबवलं, आणि अ‍ॅम्पमधून आलं...

ठक. ठक ठक.

डबा जुना, कुठं तरी जोड सुटला असेल. मी गिटारीची वायर काढून चिनी डब्यात घातली. ठक. ठक ठक. सिलिकॉनच्या डब्यात घातली. तेच. मग डबाच काढला, गिटारीची वायर सरळ अ‍ॅम्पला जोडली. तेव्हा बारीक, पण तेच... ठक. ठक ठक.

म्हणजे आवाज डब्यात नव्हता. गिटारीच्या लाकडात होता आणि लाकडात येत होता पत्र्यातून. मला हायसं वाटलं. मामा बाहेरून ठोकत असतील, बाहेर ये म्हणून.

"आलो मामा!" मी ओरडलो आणि दार ढकललं.

हललं नाही. बाहेरून कडी होती. आतली मूठ चाचपली, मूठ नव्हती, नुसतं भोक. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं, हाका मारल्या. त्या हातभर जाडीत माझा आवाज माझ्याच तोंडावर आला. बाहेर टँकर, घागरी, आणि दुकानात तीन रेडिओ चालू. कोण ऐकणार?

दमलो तसा पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. आणि माझ्या तळहाताखाली पत्रा थरथरला.

ठक.

बाहेरून त्या जाडीतून एवढा हादरा येत नाही हो... पत्रा या बाजूचा हलत होता. मी उजेड हळूहळू खाली नेला. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर पत्रा बारीक बारीक ठेचलेला होता, एकाच जागी. बसलेला माणूस जिथं ठोकेल तिथं. आणि मी बघत असताना... तिथं कुणी नसताना... ठक ठक.

फोन हातातून पडला आणि विझला. गारवा माझ्या पोटऱ्यांना लागून होता, कुणी जवळ सरकून बसावं तसा.

भ्यालो. लई भ्यालो. आई आठवली, गीता आठवली. पण मग राग आला, खरं सांगतो. सहा महिने कोयत्यातून सुटायला मी इथं आलो आणि या डब्यासारख्या खोलीत मरू? मी मोठ्यानं म्हटलं, "कोण असशील ते ऐक. मला हितं मरायचं न्हाई आन् कोयत्यालाबी जायचं न्हाई. सरक."

अंधारात चाचपत पानाचा डबा जोडला, अ‍ॅम्प दाराला चिकटवला, सगळी बटणं फिरवली आणि एकच सूर धरला. तो सूर संपेना. ठोके थांबले नाहीत, पण ते आता माझ्या सुरावर पडत होते, सांभाळून, ठेका धरल्यासारखे. मी वाजवत होतो आणि कुणी तरी साथ करत होतं. किती वेळ, माहीत नाही. बोटांतून रक्त आलं.

कडी वाजली. उजेड आला. दारात मामा उभे, शर्ट पाण्यानं निथळत होता, हातात टँकरचा पाइप तसाच.

"पाणी आलं म्हणून पाच मिन्टं गेलतो रे... कुणाचा तरी हात लागला कडीला," ते म्हणाले. मग माझ्यावर चिडले. "आन् ठोकत कावून होतास? वाजवत राहा म्हणलं होतं ना!"

"मी ठोकत न्हवतो मामा. माझे दोन्ही हात गिटारीवर होते."

मामा बोळातच खाली बसले.

"आश्रुबा. कॅन धुवायला होता संस्थेत. तेरा सालचा दुष्काळ, दूधच येईना, संस्थेचा शेवटचा दिवस होता. उन्हाचा आत जाऊन पडला असंल. मी बोळातून चाललो, दार उघडं दिसलं... कडी लावली. सवयीनं. बघितलंबी न्हाई आत."

"मग त्यानं ठोकलं असंल की!"

"ठोकलं असंल. मी संस्थेचा भोंगा चारा छावणीसाठी दुरुस्त करत होतो. दिवसभर वाजवून बघत होतो, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशीपासून संस्थेला टाळं. तिसऱ्या दिवशी उघडलं..." दुकानातले रेडिओ बोळापर्यंत ऐकू येत होते. "तवापासून दुकान गप ठेवत न्हाई मी. गप ठेवलं की ऐकू येतं."

मी पानाच्या डब्याकडं बघितलं. "ह्यातले ट्रान्झिस्टर..."

"त्याच भोंग्याचे," मामा म्हणाले. "नको नेऊ. चिनी ने. फुकट ने."

तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला सांगू नका. तुमची दहाही बोटं शाबूत आहेत. मी म्हटलं, "हाच द्या." आणि घेतला. निघताना मी बोळात एकटाच होतो; मामा केव्हा उठून कुठं गेले, बघितलं नाही. ते उघडं दार मागं राहिलं. वाडीच्या फाट्यावर एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की हाताला गंज लागलाय. कडीचा. मी ती लावून आलो होतो. मागं वळलो नाही. शेवटची एसटी होती, आणि उद्या सोमवार होता.

विठ्ठलरावांनी अर्धं गाणं ऐकलं आणि मला मिठी मारली. ट्रॅक्टर आमच्यावाचून गेला. त्यानंतर आजतागायत गीतानं नि मी कोयता हातात धरलेला नाही.

लोक म्हणतात, भारत दोन गाण्यांच्या मध्येसुद्धा तार वाजतीच ठेवतो, काय स्टाईल आहे! म्हणू द्या. तुम्ही विचारलंत ना, हा डबा उन्हात मुका कसा होत नाही? आज मे महिना आहे, वर पत्रा तापलाय. लावा हात. लावा की. बघा, गार आहे ना? बाहेरून दव धरतं त्याला.

म्हणून सांगतो, चिनी घ्या. वाळूसारखा वाजेना का.

घरात मी कुठल्याच दाराला कडी लावत नाही. ज्या पेटीत हा डबा असतो, तिच्या दोन्ही कड्या गेल्या साली पकडीनं उपटून टाकल्या. परवा सकाळी चहा देताना गीता म्हणाली, "रातभर तुमच्या पेटीत ठकठक चाललीती. शेवटी मीच उठले, कडी लावली, तवा कुठं गप झालं." तिच्या बोटांना गंज लागला होता.

ती कुठल्या दाराची कडी लावून आली, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.