तिसऱ्या रांगेतला कपॅसिटर

शिवणकामाच्या कारखान्यातल्या दिव्यांची तपासणी मी करतो आणि तिथला वायरमन माझा मेव्हणा आहे. त्याच्या अकलेबद्दलचं माझं मत लग्नाच्या मांडवातच पक्कं झालं होतं. ट्यूबलाइटचा कपॅसिटर निवडायचा तर व्होल्ट बघावेत, शेजारच्या चोकची धग सोसेल का ते बघावं. हा गडी ट्यूबच्या पट्टीत मावेल तो डबा घेतो. दिवा बंद झाल्यावर आत साठलेली वीज मिनिटभरात उतरवणारा रेझिस्टर त्यावर आहे की नाही, हे बघायचं नाव नाही.

त्या दुपारी त्याने तिसऱ्या रांगेतल्या दिव्याला हात लावायला साफ नकार दिला.

"तो डबा रिकामा होत नाही, भावोजी."

"रेझिस्टर नसेल. तुझ्यासारखाच अर्धवट माल."

"आहे. मी तपासला."

याने तपासला म्हणजे झालंच. मी मेन स्विच पाडला, कपॅसिटर सोडवून कापड कापायच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरने जोडली. ठिणगी पडली. टोकांना लावलेला मीटर शून्यावर आला.

"झालं समाधान?"

तो मीटरकडेच बघत होता. आकडा चढत होता. चाळीस. नव्वद. तीनशे. डब्याला एकही वायर जोडलेली नव्हती.

दुसरा मीटर आणला. तेच. मग करवतीने डबाच कापला. आत गुंडाळी नव्हती, तेल नव्हतं, काहीच नव्हतं. झाकणावरच्या टोकांमध्ये तीनशे व्होल्ट होते.

मला भीती वाटली नाही, संताप आला. एका पोकळ डब्यापुढे आणि या मठ्ठापुढे मी हार मानायची? मी दोन्ही टोकं बोटांनी धरली.

काही झालं नाही. मीटर शून्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"बघ. उतरला."

मेव्हणा भिंतीपर्यंत मागे सरकला होता.

"उतरून गेला कुठे, भावोजी?" मग हळूच म्हणाला, "ताईला हात लावू नका."

असल्याचं ऐकायचं म्हणजे हद्द झाली. तरी घरी येऊन मी मीटरच्या दोन्ही सुया तळहातांत धरल्या. तीनशे. तो मीटरही बिघडलेला असणार.

आज चौथा दिवस. बायको विचारते, माझं काही चुकलं का. चहा मी तिच्या हातून घेत नाही, टेबलावर ठेवायला सांगतो. तिला काही झालं तर, हा विचार डोक्यातून जात नाही, आणि तो त्या गाढवाने घातलाय.

दुपारी शेजारच्या खुर्चीत तिला डुलकी लागली. तिचा हात माझ्यापासून वीतभरावर होता. मनगटावरची बारीक लव उभी राहिली होती, सगळी माझ्या दिशेने.

मी खुर्ची दारापर्यंत मागे नेली.

लव तशीच उभी होती.