रिकाम्या स्ट्रेचरचा पट्टा

ए लांबुळक्या, तो पट्टा लटकत ठेवू नकोस. लाव. स्ट्रेचर रिकामं आहे ते मलाही दिसतंय. माझे डोळे म्हातारे झालेत, फुटलेले नाहीत. लाव म्हटलं ना.

उद्या सकाळी या चार नव्या गाड्या घेऊन तुम्ही चौघं चार दिशांना जाणार. फार चांगलं झालं. आमच्या वेळी चाळीस गावांत मिळून एक ॲम्ब्युलन्स होती. आजारी पडायचं तरी रांगेत पडावं लागायचं. ज्याचा फोन आधी, त्याची गाडी आधी, हा नियम. तो नियम एकदा मोडला, त्याची ही गोष्ट. बसा. मी तेव्हा याच दवाखान्यात वॉर्डबॉय होतो, शेवटचा भाग माझ्या डोळ्यांसमोर घडलाय. आधीचा आमच्या ड्रायव्हरने सांगितला. डावखुरा होता, म्हणून त्याला डावऱ्या म्हणायचे.

सत्तावीस मार्च, मंगळवार. रात्री सव्वाबारा वाजता डावऱ्या ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन लांबच्या उपकेंद्राला निघाला. सिलिंडर घरंगळू नये म्हणून स्ट्रेचरवर आडवं घालून पट्ट्याने आवळलं होतं. तिथे पोचला, सिलिंडर उतरवलं, नर्सबाईंनी दिलेला चहा घेतला. निम्मा कप झाला आणि जावयाचा फोन आला. "मामा, हिला रक्त जातंय. थांबतच नाहीये." डावऱ्याची एकुलती एक लेक, नववा महिना. कप तिथेच टाकून तो गाडीत बसला. पट्टा मागे तसाच उघडा लोंबत राहिला.

लेकीच्या गावाच्या वाटेवर ओढ्यावरचा अरुंद पूल होता. डावऱ्याला तो पूल नको झाला होता. तीन आठवड्यांपूर्वी तिथेच सहा जणांनी ओंडका आडवा टाकून त्याची गाडी अडवली होती. गाडीत खडीच्या खाणीतला एक पाथरवट होता, दगडाखाली गुडघ्यापासून पाय गेलेला. त्या सहांच्या भावाला मारामारीत चाकू लागला होता. "आमचा माणूस आधी," म्हणाले. काच फोडली, कुऱ्हाड डावऱ्याच्या मानेवर टेकवली. पण पट्ट्याचं बक्कल काही त्यांना उघडेना. सवयीच्या हातालाच उघडायचं ते. शेवटी डावऱ्यानेच उघडलं, डाव्या हाताने. पाथरवटाने त्याचं मनगट धरलं. "माझा नंबर आहे रे... मला पोचव." त्यांनी त्याला केसांना धरून ओढला आणि बाहेर फेकला. डोकं कठड्यावर आपटलं. मडकं फुटल्यासारखा आवाज झाला, असं डावऱ्या सांगायचा आणि सांगताना कान झाकायचा. त्यांच्या भावाला दवाखान्यात सोडून दोन तासांनी डावऱ्या परत आला, तेव्हा प्रेतावरून कुत्री हाकलावी लागली.

तर त्या रात्री, एक वाजून दहा मिनिटांनी, गाडी त्या पुलावर आली. मागची बाजू एकदम खाली बसली. कोणीतरी चढल्यासारखी.

मग मागून आवाज आला. कट्ट.

बक्कल लागलं होतं.

डावऱ्याने आरशात पाहिलं. मागचा दिवा चालू. स्ट्रेचर रिकामं. पट्टा मात्र ताणलेला... आणि पट्ट्याखाली गादी दबलेली.

तो थांबला नाही. थांबणार कसा? पुढे लेक होती.

लेकीच्या दारात गाडी लागली. विहीणबाईंनी तिला धरून आणलं. पायरीपर्यंत रक्ताची रेघ. डावऱ्याने बक्कल दाबलं. उघडेना. त्याच्या हातालाही उघडेना! जावई चिडला, विळा घेऊन आत चढला आणि पट्ट्यावर वार केला.

दुसरा वार झालाच नाही. हवेतच त्याचा हात कोणीतरी धरला. पिरगाळला. कोपर उलटं फिरलं, हाड कातडीतून बाहेर आलं. मग तो दारातून अंगणात फेकला गेला. केसांना धरून फेकावा तसा. गाडीच्या सगळ्या काचा एकदम फुटल्या.

 

डावऱ्याला कळलं. त्याने रिकाम्या स्ट्रेचरला हात जोडले. "तुमचा नंबर आधी होता. आज आधी तुम्हीच. पण माझ्या पोरीला खाली झोपू द्या."



पट्टा बोटभर सैल झाला.

दोन चाळीसला गाडी इथे, या फाटकात आली. मी धावलो. लेक खाली पत्र्यावर पडलेली, विहीणबाईंच्या मांडीवर डोकं; जावई पुढच्या सीटवर, मोडका हात धरून. मी तिला उचलायला वाकलो, तर डावऱ्या आडवा आला. "आधी हा."

"कोण हा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोर मरतेय तुझी!"

"शब्द दिलाय. आधी हा..." म्हणाला आणि बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला.

मी त्याला ढकललं आणि लेकीला हात घातला. गाडीचं दार माझ्या पाठीवर आपटलं. दोनदा. दोन बरगड्या गेल्या, अजून थंडीत दुखतात. मग मी वाद घातला नाही. रिकामं स्ट्रेचर उचलायला चार माणसं लागली, पोरांनो. चार! फाटकापासून आतल्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत वीस पावलं. मध्ये दोनदा टेकवावं लागलं. उंबरा ओलांडला आणि...

कट्ट. बक्कल उघडलं. स्ट्रेचर एकदम हलकं झालं.

आम्ही पळत जाऊन लेकीला आणलं. ती वाचली. बाळ पहाटे गेलं. मुलगा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाच मिनिटं आधी टेबलावर घेतलं असतं तर जगला असता. डावऱ्या समोरच उभा होता. त्याने ऐकलं. त्याने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

त्या रात्री मी स्ट्रेचर बाजूला लावलं, तेव्हा गादीत एका माणसाएवढा खड्डा होता. डोकं, पाठ, एक पूर्ण पाय आणि एक गुडघ्यापर्यंत. फोमची गादी ती, हात काढला की वर येते. ही आली नव्हती.

सकाळी पुसायला गेलो. मोठा खड्डा तसाच होता. आणि त्याच्या काखेशी... कुशीत घेतल्यासारखा... आणखी एक होता. एवढासा.